क्रिटवॉल पडलं की टिकलं? सांगलीतल्या एका ग्रेहॉक टेबलाचं प्रकरण

डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर (कल्पनेतल्या जगात पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायचा हा खेळ) त्यातल्या ग्रेहॉक या जगाचे दोन नकाशे शेजारी शेजारी पसरले होते. एक तेरा वर्षं वापरून घड्यांवर विरलेला, कडेला हळदीच्या बोटांचे डाग पडलेला. दुसरा नुकत्याच आलेल्या पुस्तकातला, कोरा करकरीत. दोन्हींवर खंड तोच, नद्या त्याच, मधलं मोठं तळंही तेच. मास्तरांनी नव्या नकाशावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या खेपेपासून आपण ५७६ सालात परत जायचं."

वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग आपल्या क्रिटवॉल शहराचं काय?"

त्यानंतरचे चार रविवार आमच्याकडे फासे पडले नाहीत, नुसती भांडणं झाली. त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून वह्या लिहायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हे प्रकरण मीच मांडतोय. जुन्या जगात वर्षानुवर्षं खेळणारी टेबलं आपल्याकडे आता बरीच आहेत आणि आमच्यावर आली ती वेळ त्यांच्यावरही येणार आहे.

जग कुठून आलं

ज्यांचा ग्रेहॉकशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गॅरी गायगॅक्स यांनी १९७२ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावात आपल्या घरी खेळासाठी एका किल्ल्याखालचं काल्पनिक भुयार रचलं. त्यात पहिल्यांदा उतरली ती त्यांची स्वतःची मुलं. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आलं आणि १९८० मध्ये त्या किल्ल्याभोवतीचं जग स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं. घरच्या खेळातला नकाशा वेगळा होता. छापायची वेळ आली तेव्हा गायगॅक्सनी कागद जास्तीत जास्त केवढा मिळेल ते विचारलं आणि त्या मापात बसेल असा नवा खंड काढला. डार्लिन या चित्रकर्तीने तो दोन मोठ्या पानांवर रंगवला. त्यावर षटकोनांची जाळी आहे आणि एक षटकोन म्हणजे तीस मैल. खंडाच्या या भागाचं नाव फ्लॅनेस.

या पहिल्या संचाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातलं घड्याळ थांबलेलं आहे. साल ५७६. कुठल्या राज्यावर कोण बसलाय, लोक किती, सीमेवर कुणाचं कुणाशी वाकडं आहे, एवढं सगळं दिलंय. उद्या काय होणार, ते मात्र दिलेलं नाही. तो उद्या आपण खेळायचा.

पुढे घड्याळ चालू झालं, पण ते चालवणारे हात दुसरे होते. १९८५ मध्ये खेळ छापणाऱ्या टीएसआर या कंपनीचा ताबा गायगॅक्स यांच्याकडून गेला. १९९१ मध्ये एक मोठं युद्ध प्रसिद्ध झालं, ५८२ ते ५८४ सालातलं. त्यात उत्तरेकडचा आयूझ नावाचा दुष्ट राजा पसरत खाली आला आणि तळ्याच्या उत्तर काठावरचा शील्ड लँड्स हा लहानसा प्रांत त्याने गिळला. १९९२ मध्ये कार्ल सार्जंट यांनी त्या युद्धानंतरचं जळकं, उदास ग्रेहॉक लिहिलं. १९९७ मध्ये मूळ कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. १९९८ मध्ये साल ५९१ वर गेलं आणि २००० ते २००८ या काळात लिव्हिंग ग्रेहॉक चाललं, ज्यात खऱ्या जगातल्या प्रदेशांना फ्लॅनेसचे प्रांत वाटून दिले होते आणि हजारो लोक एकाच इतिहासात खेळत होते. मग बरीच वर्षं फारसं काही झालं नाही. खेळाला पन्नास वर्षं झाली त्या २०२४ मध्ये खेळ चालवणाऱ्यासाठीचं नवं पुस्तक आलं आणि त्यात नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉक दिलं. साल कुठलं? पुन्हा ५७६.

म्हणजे युद्ध, जळालेली गावं, आठ वर्षांचा तो सामायिक खेळ हे सगळं अजून "घडायचंय". जगभरचे जुने चाहते यावर तट पाडून बसलेत. काहींना गायगॅक्स यांच्या हातचं तेवढंच खरं वाटतं. काही सार्जंट यांच्या काळोख्या ग्रेहॉकवर जीव टाकतात. ज्यांनी लिव्हिंग ग्रेहॉक खेळलं त्यांना आपली वर्षं कुणी पुसलेली चालत नाहीत. मी हे वाद वाचत होतो तेव्हा ते मला दूरचे वाटायचे. डिसेंबरात ते सांगलीच्या गावभागातल्या आमच्या माडीवर आले.

टेबल

आम्ही २०११ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली, एका मित्राच्या वाड्यात. सहाजण होतो. मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि आमचा खेळ तेच चालवतात: समोर काय आहे ते त्यांनी सांगायचं, बाकीच्यांनी आपापलं पात्र खेळायचं. त्यांच्या पुण्याच्या मावसभावाने परदेशातून येताना १९८३ ची ती पेटी आणली होती, ती यांच्या हाती लागली. वकीलसाहेब, एक औषध दुकानवाला (तो आता बेंगळुरूला असतो), दोन भाऊ, आणि मी. माझी घरची हळदीची अडत.

आम्ही मराठीतच खेळलो. शील्ड लँड्सला आम्ही ढालप्रांत म्हणायचो आणि न्यिर दिव या तळ्याला नुसतं तळं. मास्तर पंचांग काटेकोर पाळायचे. त्या जगात अठ्ठावीस दिवसांचे बारा महिने आणि मध्ये मध्ये चार सणांचे आठवडे आहेत, आणि चंद्र दोन: ल्यूना आणि सेलीन. प्रत्येक खेळाआधी मास्तर वहीत लाल बॉलपेनने तारीख आणि दोन्ही चंद्रांच्या कला लिहायचे. खाली मी शाईच्या पेनने काय घडलं ते लिहायचो.

हे जग आमच्या हातात कसं बदललं याचं एकच उदाहरण देतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वकीलसाहेबांचा सरदार ढालप्रांतातला, क्रिटवॉल शहराचा. ५८२ साल जवळ आलं तेव्हा आम्हाला पुस्तकातलं युद्ध माहीत होतं आणि हेही माहीत होतं की पुस्तकात ढालप्रांत जातो. मास्तर म्हणाले, "पुस्तकात जातो. तुमच्याकडं काय होतं ते तुमच्याकडं." वेढा पडणार म्हणून धान्य कुठे लपवायचं हा प्रश्न आला आणि मी म्हणालो, पेवात.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पाचट अंथरून हळद भरायची आणि वरून मातीने तोंड बंद करायचं. तिथली मातीच अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते. तोंड उघडं ठेवून काही तास थांबायचं, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस खाली जात नाही. हे आमच्या अडतीवर लहान पोरालाही ठाऊक होतं.

तर मास्तरांनी क्रिटवॉलला पेवं दिली. विस्कॉन्सिनमधल्या कुणी ती कधी कल्पिली नसतील, पण आमच्या ग्रेहॉकमध्ये ती आहेत. गडबडीत आमचा एक हेर कंदील न सोडता खाली उतरला आणि वर आलाच नाही. तो हेर म्हणजे धाकट्या भावाचं पात्र. त्या रात्री वाड्यातून घरी जाताना कुणी बोललं नाही.

याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर उभं केलं. त्यात सूत्रधार पदं म्हणायचा, कथा सगळ्यांना पाठ, पण पात्रं आपली भाषणं जागच्या जागी रचून बोलायची. माहीत असलेली गोष्ट आणि न लिहिलेली वाक्यं. मला आमचं टेबल त्याच घरातलं वाटतं, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे वाद झाला तेव्हा मला याचा उपयोग झाला.

पूर

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. वाड्याच्या तळमजल्यावर एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात आमच्या पाच वह्या. माणसं, म्हातारी, गॅसची टाकी, कागदपत्रं हे सगळं माडीवर गेलं. ट्रंक राहिली. ट्रंक माझ्या जबाबदारीची होती. त्या दिवशी मी अडतीवरची पोती हलवत होतो.

दहा-बारा दिवसांनी ट्रंक उघडली. पहिली आणि पाचवी वही कशीबशी वाचली. मधल्या तीन वाड्यातल्या काकूंनी दोरीवर एकेक पान वेगळं करून वाळत घातल्या. तिसऱ्या वहीत युद्धाची वर्षं होती. बॉलपेन टिकतं, शाई टिकत नाही. त्यामुळे पानोपानी वर मास्तरांचं लाल अक्षर जसंच्या तसं होतं, तारीख, ल्यूना पूर्ण, सेलीन अर्धी, आणि त्याखाली फिकट निळा ढग. मी लिहिलेलं एक अक्षर लागत नव्हतं. तेव्हा आम्हाला त्याचं महत्त्व कळलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आठवतंय की आपल्याला.

वाद

२०२४ पर्यंत जुन्यांपैकी मास्तर, वकीलसाहेब आणि मी उरलो. चौघं नवीन आली होती: इंजिनिअरिंगची तिघं आणि वकीलसाहेबांची मुलगी, जी बारावीत होती. आमचा खेळ ५८९ सालात पोचला होता. नवीन मुलांना प्रत्येक गावात कुणीतरी भेटायचं ज्याला आम्ही तिघं ओळखायचो आणि ती नाही. आम्ही आठवणीत हसायचो, ती फोन बघायची. मास्तरांना ते खुपत होतं, आणि त्यांचं खुपणं बरोबर होतं.

पहिल्या रविवारी पर्याय पटापट पुढे आले. अधिकृत ५९१ साल घ्यावं असं एकाने सुचवलं. ते पाच मिनिटांत बाद झालं, कारण आमच्या जगात निम्मे राजे वेगळे होते. दुसऱ्याने म्हटलं, शंभर वर्षं पुढे उडी मारू. असा प्रयोग याच कंपनीने फरगॉटन रिअल्म्स या दुसऱ्या जगात २००८ मध्ये केला होता, जवळजवळ शतकाची उडी आणि वर मोठा उत्पात. तिथे ओळखीची माणसं एका फटक्यात कबरीत गेली आणि पुष्कळ चाहते तिथेच थांबले. नंतर कंपनीने त्यातलं बरंच मागे वळवलं. मला ती उडी कधीच पटली नाही. जग नवीन करायचं म्हणून त्यातले सगळे ओळखीचे मारायचे, याला मी नवीन करणं म्हणत नाही.

उरले दोन पर्याय. मास्तरांचं म्हणणं: ५७६, नवा नकाशा, नवी पाटी. वकीलसाहेबांचं म्हणणं त्यांच्या पेशाला शोभेल असं होतं. "पुस्तकातलं युद्ध आपल्याला बंधनकारक नव्हतं असं तुम्हीच म्हणालात. मग पुस्तकानं पुसलेलं बंधनकारक कसं?" याला उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. जानेवारी २०२३ मध्ये खेळाचे नियम इतरांनी वापरायच्या परवान्यावरून जगभर गोंधळ झाला होता आणि शेवटी कंपनीला मूळ नियमांचा मसुदा सर्वांसाठी मोकळा करावा लागला. त्यात मॉर्डेनकायनेन, बिगबी ही ग्रेहॉकच्या जादूगारांची नावं मात्र नाहीत. ती कंपनीचीच आहेत. पण आमच्या पेवांवर कंपनीचा हक्क नाही, हे वकीलसाहेबांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं.

दुसऱ्या रविवारी खरी ठिणगी पडली. वकीलसाहेब बोलता बोलता म्हणाले, "मी जे क्रिटवॉल राखलं ते..." आणि मास्तर मध्येच म्हणाले, "राखलं? पडलं होतं की ते. नंतर परत घेतलं आपण."

खोलीत शांतता झाली.

मास्तरांच्या आठवणीत ५८३ च्या पावसात तट फुटला, पेवांतून लोक वाचले आणि शहर चार वर्षांनी परत मिळालं. वकीलसाहेबांच्या आठवणीत शहर एक दिवसही पडलं नाही. बेंगळुरूच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, दरवाजा आपणच उघडला होता ना, तहात?" मला विचारलं. मला फक्त दोरी आठवत होती, आणि खाली जाता जाता विझलेला कंदील. वकीलसाहेबांनी पुढच्या वेळी कोर्टाच्या बॅगेतून आपलं जुनं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, आणलं. हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय तो आकडा) खोडून खोडून कागदाला भोक पडायला आलेलं, शेवटचा आकडा सात. नावापुढे लिहिलेलं: किल्लेदार, क्रिटवॉल. मास्तर म्हणाले, "पदवी परागंदा माणसालाही राहते." तेही खरं.

इथे मला वाटतं आम्ही सगळे चुकत होतो, आणि बऱ्याच चाहत्यांची चूक हीच असते. आम्ही सालावर भांडत होतो. प्रश्न सालाचा नव्हता. आपण तिथे होतो, आपण केलं, ते झालं होतं की नाही, हा होता. नव्या पुस्तकाने ५७६ म्हटलं की ते पुसल्यासारखं वाटतं, म्हणून राग येतो. पण पुसायचं काम पुस्तकाने केलं नव्हतं. ते पाण्याने केलं होतं आणि त्याआधी माझ्या शाईने.

तिसऱ्या रविवारी इतर सगळे गेल्यावर मास्तर मागे थांबले. म्हणाले, "मला आठवत नाही रे आता. नवीन पोरं विचारतात, हा कोण, तो कोण. मी बनवून सांगतो. मग पुढच्या वेळी वेगळंच सांगतो." ५७६ त्यांना हवं होतं ते या ओझ्यापायी. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते. मी त्यांना दोष देत नाही. तेरा वर्षं एका माणसाने सगळं जग डोक्यात वाहिलं, आणि आम्ही कुणी कधी विचारलं नाही की जड होतंय का. वह्यांचे फोटो काढून ठेवायला मला एक दुपार लागली असती.

चौथ्या रविवारी मुलगी बोलली. तोवर नव्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ती वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमचं क्रिटवॉल आम्हाला पाठ करायचं नाहीये. आम्हाला ते बघायचंय."

काय ठरलं

जानेवारीत असं ठरलं. नवीन मुलांचा खेळ ५७६ मध्ये सुरू होईल, पण जुन्या, डाग पडलेल्या नकाशावर. ५८२ चं युद्ध होईलच असं नाही. जुन्यांपैकी जो बसेल त्याने पुढचं काहीही सांगायचं नाही. आमचा ५८९ चा खेळ आम्ही तिघं आणि फोनवर बेंगळुरू, असं मिळून तीन बैठकांत नीट संपवू.

आणखी एक गोष्ट ठरली आणि तिच्यासाठी मी अडून बसलो. मास्तरांनी सुचवलं होतं की सगळ्यांनी मिळून आठवून मी तिसरी वही पुन्हा लिहावी. मी नाही म्हणालो. तीन आठवणींची सरासरी काढून जे निघेल ते कुणाचंच क्रिटवॉल नसेल. भाव्यांच्या रंगमंचावर बोललेली वाक्यं कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून ती बोललीच नव्हती असं कुणी म्हणत नाही. लाल तारखा आणि खालचा निळा ढग, तसंच राहू दे. आमच्या शेवटच्या बैठकीत सरदार क्रिटवॉलच्या तटावर बसून म्हातारा झाला. तट मूळचा की पुन्हा बांधलेला, ते कुणी विचारलं नाही.

हा तोडगा सगळ्यांना पटला असं नाही. वकीलसाहेब नव्या खेळाला आले नाहीत. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मुलगी दर रविवारी येत होती आणि घरी गेल्यावर त्यांना काही सांगत नव्हती, कारण नियम तिनेही धरला होता, उलट्या बाजूने. मला वाटतं तेच त्यांना सोसलं नाही. मे महिन्यात ते आले आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. हातात फासे घेतले नाहीत. मध्ये भडंगाची पिशवी फिरली, त्यांनी मूठभर घेतलं आणि पुढे दिलं.

नवीन मुलं आमच्यासारखी खेळत नाहीत. आम्ही नकाशाच्या मध्यापासून सुरुवात केली होती, ती तळ्याच्या काठाकाठाने नावेतून निघाली. खेळातल्या ५७८ च्या उन्हाळ्यात ती ढालप्रांतात पोचली. वेढा नाही, आयूझ अजून आपल्या मुलखात. क्रिटवॉलमध्ये धान्याची चोरी होत होती, तिचा माग काढायचं काम त्यांनी घेतलं. मास्तरांनी पेवं तिथेच ठेवली होती. मी वहीवर वाकून लिहीत होतो, आता बॉलपेनने. वही प्लास्टिकच्या पिशवीतून येते आणि विश्रामबागला माझ्या तिसऱ्या मजल्यावर परत जाते.

पेवाचं तोंड त्यांनी उकरलं. मास्तर म्हणाले, "आत अंधार आहे. खालून कोमट, कुबट वास येतोय." मुलीने फासे उचलले. "मी दोरी कमरेला बांधते. उतरते."

"थांब," वकीलसाहेब खुर्चीवरून म्हणाले. "आधी कंदील सोड."

नियम मोडला होता. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी थोडा वेळ नकाशाकडे बघितलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि मुलीला विचारलं, "कंदील आहे का तुझ्याकडं?"

तिने शीटवर सामानाची यादी खालपर्यंत वाचली. "नाही. पण वाड्यात मागता येईल ना?"

"माग की," मास्तर म्हणाले.